फाटका की ठिगळाचा?

नवाकोरा शर्ट विटेनं घासत बसलेला माणूस गच्चीवर दिसला तर तुम्हाला काय वाटेल? नांदेडच्या आमच्या गल्लीलाही तेच वाटलं. समोरच्या घरातल्या वहिनींनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "मास्तरची तब्येत बरी हाय न?" बायकोनं सांगितलं, "तब्येतीला काय झालंय? लोक जुन्याचं नवं करतेत, हे नव्याचं जुनं करून राहिले. अन् त्याचे पैसे बी मिळायलेत."

मी सिनेमातला ड्रेसदादा. नटांना कपडे घालायचे, उतरवायचे, इस्त्री करायची, सांभाळायचे, एवढंच काम असतं अशी लोकांची समजूत आहे. चकचकीत सिनेमात तसंच असतं म्हणे, मला तो कधी मिळाला नाही. आमच्या भागात जे सिनेमे काढायला येतात ते सगळे गरिबांवरचे. गरिबाचे कपडे दुकानात मिळत नाहीत, ते तयार करावे लागतात. आधी सोड्याच्या पाण्यात उकळायचे, मग चहाच्या पाण्यात बुडवायचे, कॉलर विटेनं घासायची, कोपरं किसणीवर घासायची आणि उन्हात टाकायचं. पाठीवर मिठाच्या पाण्याचा हात फिरवला की घाम वाळल्यावर उमटतो तसा पांढरा पट्टा उमटतो. हे सगळं एका शर्टाचं करून भागत नाही. एकाच शर्टाच्या चार-पाच जोड्या लागतात, कारण एक भिजतो, एक मळतो, एक नट घरी घालून जातो. त्या सगळ्या जोड्या एकाच जागी, एकाच मापाने फाटलेल्या असाव्या लागतात. नाहीतर नट दारातून आत येतो तेव्हा शर्ट फाटलेला आणि खाली बसतो तेव्हा धड, असं पडद्यावर दिसतं. याला कंटिन्युइटी म्हणतात. ती सांभाळायला वहीपेन घेऊन एक मुलगी असते, आणि आम्ही सगळे तिला घाबरून असतो.

त्याआधी माझं लातूरला टेलरिंगचं दुकान होतं, आडत बाजाराच्या मागच्या गल्लीत. समोरच्या बाजूने आडते यायचे, मागच्या बाजूने हमाल. आडत्याचं पोट दरवर्षी वाढायचं आणि हमालाचा एक खांदा दरवर्षी खाली यायचा. पोतं नेहमी त्याच खांद्यावर. सरळ कापलेला शर्ट हमालाच्या अंगावर तिरका बसतो, म्हणून मी त्या बाजूचा खांदा बोटभर उतरता कापायचो. कोणी सांगितलं नव्हतं, पण शर्ट अंगात नीट बसावा एवढीच शिंप्याची हाव असते. रेडिमेड आलं आणि दुकान बसलं. मी नांदेडला मुलाकडे आलो, आणि उतारवयात या सिनेमाच्या फंदात पडलो. आता मी चांगले शर्ट बिघडवतो. सुधारणा केली की अधोगती, हे मला ठरवता येत नाही.

या धंद्यात डोकं चालेनासं होण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. मुखेडच्या आठवडी बाजारात एकदा शूटिंग होतं. गर्दीसाठी गावातलीच माणसं बोलावली होती. त्यांना सांगितलं, रोजचे कपडे घालून या. सकाळी पाहतो तर अख्खा बाजार लग्नाला निघालेला. बायका जरीच्या लुगड्यात, पुरुष कडक इस्त्रीत, एकाने तर गॉगल लावलेला. आम्ही म्हणालो, बाबांनो, उद्या जुने कपडे घालून या. दुसऱ्या दिवशी जुने घालून आले, पण धुऊन, इस्त्री करून. एका म्हातारीला मी म्हणालो, "माय, जरा फाटकं लुगडं न्हाई का?" ती म्हणाली, "हाय की. पर ते काय फोटोत नेसायचं हाय का? माझी लेक हैदराबादला ऱ्हाती, ती बघंल न." शेवटी तिला एका खांबामागे उभं केलं.

पण खरा गोंधळ झाला तो बालाजीच्या सिनेमात.

बालाजी लातूरचा. त्याच्या वडिलांनी, सोपानरावांनी, आडत बाजारात आयुष्यभर हमाली केली. पोरगा शिकला, पुण्याला गेला आणि सिनेमा काढायला परत आला. गोष्ट घरचीच होती: एक हमाल, त्याची बायको, त्यांचा मुलगा, आणि त्याच शाळेत त्याच बाकावर बसणारा आडत्याचा मुलगा. लातूरचा बाजार शूटिंगसाठी कोण थांबवणार? म्हणून नांदेडला जुन्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, एक बंद गोदाम भाड्यानं घेतलं आणि त्याच्याच आवारात हमालाचं घर उभारलं. मला बोलावून बालाजी म्हणाला, "मास्तर, हमालाचा शर्ट उजव्या खांद्यावर फाटलेला पाहिजे. बोट जाईल एवढं भोक. कातडी दिसली पाहिजे."

मी विचारलं, "ठिगळ?"

"ठिगळ नको. पडद्यावर ठिगळ आलं की ते नाटकातल्या भिकाऱ्यासारखं दिसतं, लोक हसतात. आणि ठिगळ नव्हतंच, मास्तर. मला पक्कं आठवतं. आबा कामावरून यायचे, मी त्यांच्या मांडीवर चढायचो आणि खांद्यावरच्या त्या भोकात बोट घालून बसायचो."

सांगताना त्याचं बोट आपोआप वाकलं. अशा माणसाशी वाद कोण घालणार? मी पाच शर्ट शिवले, उजवा खांदा उतरता कापला, गच्चीवर घासले, आणि पाचही शर्ट त्याच जागी फाडले. माझ्या मते काम झकास उतरलं होतं. गोदामाच्या कोपऱ्यात दोरी बांधून मी ते ओळीने टांगून ठेवले.

सोपानराव आले ते शूटिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. हमाल भाकरी खायला बसतात त्या प्रसंगात आबांनी पंगतीत बसावं, असा बालाजीचा हट्ट होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी. म्हातारा इतका स्वच्छ की चहावाल्या पोराने त्यांना आडत्याचं काम करणारा नट समजून खुर्ची दिली आणि "अप्पा, साखर चालते न?" म्हणून विचारलं. सोपानराव त्या खुर्चीत टेकल्यासारखे बसले आणि पोरगं वळताच उठले.

मग माझ्या कोपऱ्यात येऊन ते दोरीवरच्या शर्टांकडे बघत राहिले.

"मास्तर, हे समदे एकाच जागी कसे काय फाटले?"

मी कंटिन्युइटी समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली, पण ती समजल्याची नव्हती.

"अन् हे हायत कोणाचे?"

"सिनेमातल्या हमालाचे. म्हणजे तुमचेच म्हणा की."

त्यांनी एका शर्टाच्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, "ह्या हमालाला बायकू न्हाई का?"

मी म्हणालो, "आहे की. मोठं काम आहे तिचं. नटी पुण्याहून आलीये."

"मग ती काय करती?"

आता मला समजलं. सोपानरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मास्तर, मी एक दिवस फाटक्यात कामावर गेलो न्हाई. ठिगळाचं घातलं, ठिगळावर ठिगळ घातलं, पर फाटकं न्हाई. बाळूची माय गेली, आता ती काय सांगायला येती का? लोक सिनिमा बघतील अन् म्हणतील, सोपानची बायकू अशी होती, नवऱ्याला उघड्या खांद्यानं पाठवायची. हा शर्ट ऱ्हायला तर मी पंगतीला बसणार न्हाई. उद्याच्या गाडीनं लातूर."

मी बालाजीला गाठलं. तो लाइटवाल्यांशी पुण्याच्या मराठीत वाद घालत होता. त्याने माझं ऐकून घेतलं आणि तो लातूरच्या बोलीवर आला. "मास्तर, आबा विसरलेत. म्हाताऱ्या माणसाला आपली गरिबी चांगली वाटायला लागती. मी खोटं कशाला सांगू? माझं बोट गेलंय त्यात!" परत सोपानरावांकडे आलो. ते म्हणाले, "तो लहान होता, त्याला काय कळतंय. मी घालत होतो शर्ट, त्यानं न्हाई."

दोघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. आणि दोघं खरं बोलत असतील तर शर्ट एकाच वेळी फाटका आणि ठिगळाचा कसा असेल? या दोघांमध्ये मी मेजर टेप गळ्यात घालून गोदामाच्या फेऱ्या मारत होतो. आईची आब्रू एकीकडे, पोराची आठवण दुसरीकडे, आणि निर्णय म्हणे शर्टाने करायचा. शेवटी मी जे करायला हवं ते केलं, म्हणजे चहा प्यायला गेलो.

परत आलो तर सोपानराव जमिनीवर मांडी घालून बसलेले, माझ्या डब्यातली सुई हातात, आणि मांडीवर माझा शर्ट. दोन शर्टांना ठिगळं लावून झाली होती, तिसरा चालू होता.

मी ओरडलोच. "अहो, काय करून राहिले तुम्ही! आठ दिवस घासलेत मी ते!"

"फाटले होते," ते म्हणाले. बस, एवढंच. जणू कोणीही तेच केलं असतं.

मी रागाने शर्ट हिसकावून घेतला आणि पाहिला. ठिगळाचं कापड त्यांनी शर्टाच्याच खालच्या घेरातून कापलं होतं, खोचल्यावर दिसत नाही तिथून. त्यामुळे रंग तंतोतंत जुळला होता. लातूरच्या दुकानात हमालांचे शर्ट उसवून दुरुस्तीला यायचे, त्यांचे मागचे घेर असेच कातरलेले असायचे. तेव्हा मला वाटायचं उंदरांनी कुरतडले. ते ठिगळ पाहताना मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, कोणतं आधी आलं ते विचारू नका.

पण टाका मात्र भलताच होता. लांब, तिरका, घट्ट ओढलेला. सोपानराव स्वतःच म्हणाले, "हा गोणीचा टाका हाय, मास्तर. दाभणानं पोत्याचं तोंड शिवतेत तसला. मला हाच येतो. तिचा टाका लई बारीक ऱ्हायचा. बोट फिरवलं तरी लागत नसं."

ठिगळाचे शर्ट मी वेगळे ठेवले, उरलेले फाटके दोरीवर टांगले. बालाजीला सांगायची हिंमत झाली नाही. त्याच्या वडिलांना एवढंच म्हणालो की उद्याची गाडी पकडू नका, परवाची पकडा.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रसंग सकाळचा होता: हमाल घरातून कामावर निघतो. मी आडत्याच्या धोतराच्या निऱ्या करत अडकलो होतो. बालाजी कोवळा उजेड जायच्या आत शॉट घ्यायच्या घाईत होता. हमालाचं काम करणारा नट शर्ट घालून तयार होता, शॉट झाला, सगळे टाळ्या वाजवून नाश्त्याला गेले. संध्याकाळी दुसरा प्रसंग: तोच हमाल कामावरून परत येतो आणि ओसरीवर बसतो. नट दोरीवरचा शर्ट घालून आला. कॅमेरा लागला, आणि कंटिन्युइटीवाली मुलगी वही उंचावून ओरडली, "थांबा! सकाळी इथं ठिगळ होतं!"

सगळं युनिट माझ्याकडे बघू लागलं. मी सोपानरावांकडे बघितलं. सकाळी नटाला ठिगळाचा शर्ट कोणी दिला? मी दिला नव्हता. नट म्हणाला, खुर्चीवर ठेवलेला होता. सोपानराव म्हणाले, "पोरगं उघडं उभं होतं, हाताला आला तो खुर्चीवर ठेवला." हाताला आला की मुद्दाम ठेवला, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

बालाजी कॅमेरा सोडून माझ्याकडे आला. "मास्तर, सकाळचा शॉट दाखवा मला," तो म्हणाला, जणू तो माझ्याकडेच होता. कोणीतरी मॉनिटरवर लावला. छोट्या पडद्यावर हमाल दारातून बाहेर पडला, पाठ केली आणि चालू लागला. खांद्यावर ठिगळ. सरळ, स्वच्छ, रंगाला रंग जुळलेलं. मागे दारात त्याची बायको उभी. कोणी हसलं नाही.

बालाजीने तो शॉट परत लावायला सांगितला. मग तो वडिलांकडे वळला. "आबा, सकाळी असं ऱ्हायचं?"

"हाव."

"मग मला भोक का आठवतंय?"

सोपानरावांनी आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "दिवसभर पोतं त्याच जागी घासतंय न बाळू. संध्याकाळपतोर ठिगळ कुठलं टिकतंय? सकाळचं तू कवा बघितलं? मी निघायचो तवा तू निजलेला ऱ्हायचास."

खिशातून रुमाल काढून बालाजीने चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मला एकदम हलकं वाटलं. दोघंही खरे! सकाळी ठिगळाचा, संध्याकाळी फाटका. एवढी सोपी गोष्ट, आणि आम्ही तिघं दोन दिवस उगाच भुई धोपटत होतो.

मग माझं काम वाढलं. सकाळच्या प्रसंगांसाठी ठिगळाचे शर्ट, संध्याकाळच्यासाठी फाटके. ठिगळं गोणीच्या टाक्याची चालणार नव्हती, बारीकच हवी होती. आणि मी पडलो मशीनवाला. हातशिलाई मला धड येत नाही, काजं-बटणंसुद्धा दुकानात असताना बायकोच करायची. संध्याकाळी शर्ट घरी नेले, तिला नमुना समजावून सांगितला, जेवलो आणि आडवा झालो. सकाळी पिशवीत घडी घालून तयार. सोपानरावांनी ठिगळावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता बराबर." त्यातलाच एक अंगात घालून ते पंगतीत बसले. उतरता कापलेला खांदा त्यांच्या खांद्यावर असा बसला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. लातूर सोडल्यापासून माझा शर्ट असा कोणाच्या अंगावर बसला नव्हता.

सिनेमा पुरा झाला, इकडेतिकडे दाखवला गेला, आणि मग बालाजीने लातूरला एक खेळ लावला. हमाल आले, त्यांच्या बायका आल्या, काही आडतेही आले आणि पुढच्या रांगेत बसले. आमच्या इथे असंच चालतं, सिनेमा कशावरही असो. ठिगळाचा शर्ट सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी फाटून परत यायचा, तेव्हा मागच्या बायका मोठ्याने हळहळत होत्या. मी फक्त शर्टच बघत होतो. बाजूला सोपानरावही तेच बघत होते.

खेळ संपल्यावर मी आणि सोपानराव थिएटरच्या पायऱ्यांवर चहा घेत बसलो. बालाजी लोकांचे नमस्कार घेत जवळच उभा होता. मी विचारलं, "मग? कसा काय वाटला?"

"चांगला काढलाय. मायची इज्जत राखली त्यानं." दोन घोट घेऊन ते म्हणाले, "पर मधलं एक ऱ्हायलं, मास्तर. संध्याकाळी फाटका शर्ट खुंटीला टांगला, अन् सकाळी शिवलेला अंगात घातला. मधी ती शिवत बसलेली कुठं हाय?"

ते बालाजीने ऐकलं. तो खाली येऊन त्यांच्यासमोर बसला. "आबा, ते मी कधी बघितलंच न्हाई. मी निजलेला असायचो. तुमी सांगायचं न मला. कुठं बसायची, कशी बसायची, उजेड कुठला असायचा. मी समदं दाखवलं असतं."

सोपानरावांनी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. हातातला कप पायरीवर ठेवून म्हणाले, "मीबी कुठं बघितलं रे, बाळू? जेवलो की मुडद्यावानी पडायचो. सकाळी खुंटीला हात घातला की शर्ट शिवलेला."

येणारेजाणारे आमच्या बाजूने वाट काढत होते. मग सोपानराव माझ्याकडे वळले. या प्रश्नाचं उत्तर मलाच येत असणार, असा भरवसा त्यांच्या तोंडावर होता.

"मास्तर, तुमी शिंपी माणूस. तसलं ठिगळ, तसला बारीक टाका... किती येळ लागत असंल?"

मला सांगता आलं नाही. सिनेमातली ठिगळं माझ्या बायकोने लावली होती, आणि ती लावत होती तेव्हा मी झोपलो होतो.